ड जीवनसत्त्व, मधुमेह आणि थायरॉईड
चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या कामगाराच्या तपासणीत ड जीवनसत्त्वाची उणीव, वाढलेली साखर आणि मंदावलेले थायरॉईड ही तिन्ही एकदम आढळली, की पहिलीतूनच उरलेली दोन उद्भवली असे सर्रास मानले जाते. परंतु निगडीहून येणारी कंपनीची बस बंद पडल्याने हजेरीपटावर दोघे गैरहजर लागले, तर एकाने दुसऱ्यास अडवले असे कोणताही कारकून म्हणणार नाही. स्थूलता हे असेच सामाईक कारण, कारण तिच्यामुळे रक्तातील ड जीवनसत्त्वही घटते आणि दुसऱ्या प्रकारचा मधुमेहही बळावतो.

थायरॉईडचा खरा निकट संबंध पहिल्या प्रकारच्या मधुमेहाशी. दोन्ही विकार बहुधा स्वप्रतिकारजन्य (शरीराची संरक्षक यंत्रणा स्वकीय पेशींवरच उलटल्याने होणारे) असतात. ड जीवनसत्त्व दिल्याने हे विकार टळतात का, हेही तपासले गेले. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २,४२३ जणांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत रोज ४,००० एकक ड जीवनसत्त्व देऊनही मधुमेह लक्षणीय टळला नाही. २०२२ च्या दुसऱ्या चाचणीत रोज २,००० एककांनी स्वप्रतिकारजन्य विकार सुमारे २२ टक्क्यांनी कमी दिसले खरे, पण तो अशा साऱ्या विकारांचा एकत्रित हिशेब होता. सिद्ध झालेली उणीव हाडांसाठी अवश्य भरून काढावी. मात्र त्या भरवशावर इन्सुलिन वा थायरॉईडची गोळी थांबवू नये.