सायकलस्वाराची मांड

टूर द फ्रान्स ही सायकलींची जगप्रसिद्ध शर्यत १९८९ सालीं २३ जुलै रोजीं पॅरिस शहरांत संपावयाची होती. तीन आठवड्यांत तीन हजारांवर किलोमीटरांचा रस्ता तुडवून झाला होता, आणि फ्रान्सचा लोराँ फिन्यों हा अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडपेक्षां ५० सेकंदांनीं आघाडीवर होता. उरली होती ती व्हर्साय ते पॅरिस ही अवघी साडेचोवीस किलोमीटरांची दौड. ती संपली तेव्हां फिन्यों ८ सेकंदांनीं हरला होता. या निकालाचें मोठें श्रेय लेमाँडनें वारा कापण्यासाठीं हँडलास जोडलेल्या नव्या दांडीला देतात, व तें योग्यहि आहे. परंतु फिन्योंला त्या अखेरच्या दिवसांत सीटच्या घर्षणानें गळूं झालें होतें आणि त्याला धड बसवत नव्हतें, ही गोष्टहि खरी आहे. जगांतल्या निवडक सायकलपटूंपैकीं एकाला जें दुखणें आवरलें नाहीं, तें हौशी माणसाला सतावील यांत नवल तें काय?

अलीकडे पुण्यामुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांतून सायकलीची हौस पुन्हां वाढीस लागली आहे. वांकड्या हँडलाची, हलकी, वेगानें धांवणारी रोड बाईक घ्यावयाची, रविवारीं पहाटे मित्रमंडळींसह लोणावळ्याकडे किंवा पानशेतकडे निघावयाचें, आणि उत्साह वाढला कीं 'ब्रेव्हे' नांवाच्या दीर्घ सफरींत नांव घालावयाचें, असा हा क्रम असतो. ब्रेव्हेंत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करावे लागतात. फुप्फुसें व पाय यांना सरावानें हे श्रम पेलतात. पण साठाव्या-सत्तराव्या किलोमीटरला बैठक बंड करून उठते. असे चार रविवार गेले म्हणजे सायकल गॅलरींत उभी राहते व तिच्यावर टॉवेल वाळूं लागतात.

यावर जो तो पहिला उपाय योजतो तो सीट मऊ करण्याचा. जेलची गादी आणावी, तिच्यावर आणखी एक आवरण चढवावें. सीटला इंग्रजींत घोड्याच्या खोगिराचेंच नांव आहे, आणि मराठींत 'खोगीरभरती' या शब्दाला जो अर्थ आला आहे तो येथें तंतोतंत लागू पडतो. बसलेल्या माणसाचा भार कमरेच्या सांगाड्याच्या तळाशीं असलेल्या दोन हाडांनीं घ्यावयाचा असतो. त्यांना आसनास्थि म्हणतात. कठीण बांकावर बसून तळहात खालीं सरकविला तर तीं स्पष्ट हातास लागतात. हीं हाडें भार सोसूं शकतात. त्यांच्या मधला भाग मात्र मऊ असून त्यांतून नाजूक मज्जातंतु व रक्तवाहिन्या जातात. फार मऊ सीटवर हाडें गादींत रुततात आणि दबलेली गादी मध्यभागीं फुगून वर येते. म्हणजे जेथें भार नको तेथेंच तो पडतो. पांच मिनिटें अशी सीट मोठी सुखाची वाटते, आणि दुकानांत तर माणूस पांचच मिनिटें बसून पाहतो!

आजोबांच्या काळच्या सायकलीला स्प्रिंगांची रुंद सीट असे, मग आतांच्या सायकलीला ही सुरीसारखी सीट कां, असें घरांतील वडील मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. जुन्या सायकलीवर पाठ ताठ ठेवून बसत, व बहुतेक भार मागें पडे. रोड बाईकवर धड पुढें झुकतें, त्याबरोबर कंबरहि पुढें कलते आणि टेकणारा भाग अरुंद होतो. तेथें रुंद सीट मांड्यांना घांसते. ब्रूक्स या इंग्लिश कंपनीच्या ताणलेल्या चामड्याच्या सीटा आजहि दूरच्या प्रवासाला निघणारे कित्येकजण आवडीनें वापरतात. या प्रकारच्या सीटेंत गादीचा लवलेश नसतो. शेंकडों किलोमीटर झाले कीं चामडें स्वाराच्या हाडांप्रमाणें आपोआप खोलगट होतें. तोंपर्यंत धीर धरावा लागतो, आणि पावसांत तिला जपावें लागतें.

तेव्हां मऊपणापेक्षां रुंदी पाहावी. ती घरींच मोजतां येते. खोक्याचा लाटदार पुठ्ठा कठीण स्टुलावर ठेवावा, त्यावर सायकलीवर झुकावें तसें पुढें झुकून मिनिटभर बसावें, व उठून पुठ्ठ्यांत पडलेल्या दोन खळग्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर मोजावें. तें बहुधा १० ते १४ सेंटिमीटर भरतें. सीट त्याहून दोन-तीन सेंटिमीटर रुंद असावी. अंगकाठीवरून हें अंतर ओळखतां येत नाहीं. स्त्रियांच्या हाडांमधील अंतर सामान्यतः जास्त असतें, आणि यजमानांची जुनी सायकल सीटसकट पत्नीकडे येते त्या घरीं ही गोष्ट कोणी ध्यानांत घेत नाहीं.

रुंदीनंतर उंची. बेल्जियमचा एडी मर्क्स हा सायकलपटूंमधील अद्वितीय पुरुष. १९६९ सालीं फ्रान्समधील ब्ल्वा येथें इंजिनाच्या सायकलीमागून धांवण्याच्या शर्यतींत त्याला भीषण अपघात झाला. पुढचा चालक ठार झाला आणि मर्क्सच्या कमरेच्या सांगाड्याला इजा पोंचली. पुढेंहि त्यानें मोठमोठ्या शर्यती जिंकल्या, परंतु सीटवर पूर्वीचें सुख त्याला लाभलें नाहीं. शर्यत चालू असतांनाहि तो सीटची उंची कमीजास्त करी.

सामान्य स्वाराला इतक्या खटाटोपाची गरज पडत नाहीं. टांच पायडलवर ठेवून पायडल अगदीं खालीं नेलें असतां गुडघा सरळ व्हावा. मग तळव्याचा पुढचा फुगीर भाग पायडलवर आणला कीं गुडघ्यांत थोडा बांक राहतो. सीट याहून उंच असेल तर पायडलच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर कंबर डावीउजवीकडे डोलते, आणि हजारों फेऱ्यांचें तें डोलणें कातडी सोलून काढतें. सीटचा कल गवंड्याची पाणसळ ठेवून पाहावा. टोंक वर असेल तर मऊ भाग दाबला जातो. फार खालीं असेल तर स्वार पुढें घसरतो व भार मनगटांवर येतो. एका वेळीं एकच बदल करावा, तोहि चार-पांच मिलिमीटरांचा. आणि जुन्या जागेची खूण म्हणून दांडीवर चिकटपट्टी लावून ठेवावी. कित्येकदां खरा दोष फार दूर बसविलेल्या हँडलाचा असतो, आणि बिचाऱ्या सीटा मात्र बदलल्या जातात.

आतां एका विषयाबद्दल स्पष्ट बोललें पाहिजे. दुखणें एक वेळ सहन करावें, बधिरपणा सहन करूं नये. मांड्यांच्या मधला भाग बधिर होणें म्हणजे तेथील मज्जातंतु व रक्तप्रवाह दाबला जाणें होय. लाजेमुळें पुरुष हें डॉक्टरांनाहि सांगत नाहींत, आणि स्त्रियांच्या त्रासाची तर चर्चाच होत नाहीं. सायकलीवरून गस्त घालणाऱ्या अमेरिकन पोलिसांची एक पाहणी २००८ सालीं प्रसिद्ध झाली. ९० जणांना पुढचें टोंक नसलेल्या सीटा सहा महिने वापरावयास दिल्या होत्या. बधिरपणा मुळींच येत नाहीं असें सांगणारे आधीं शेंकडा २७ होते, नंतर ते शेंकडा ८२ झाले. रोड बाईकवर मात्र मांड्यांनीं तोल सांवरण्यास टोंक उपयोगी पडतें, म्हणून तेथें मध्यें खांच असलेली सीट अधिक चालते. कांहींना त्या खांचेचे कांठच टोंचतात. त्यांनीं दुसरी पाहावी. बधिरपणा जाणवतांच उभें राहावें. तो वारंवार येत असेल किंवा उतरल्यावरहि टिकत असेल, तर सफरी थांबवून डॉक्टरांना दाखवावें.

घोडेस्वाराची मांड पक्की म्हणत, ती सगळा देह खोगिरावर टाकल्यामुळें नव्हे. त्याचे पाय रिकिबींत भार घेत असत. सायकलीवरहि पाय जोरानें चालत असतात तोंवर सीटवरचा भार हलका राहतो. म्हणूनच सावकाश रेंगाळणाऱ्याची बैठक पुष्कळदां आधीं दुखते. दर दहा-पंधरा मिनिटांनीं वीस-तीस सेकंद पायडलवर उभें राहावें, म्हणजे दबलेल्या भागांत रक्त पुन्हां खेळतें. आपल्या रस्त्यांवर खड्डे व गतिरोधक हें काम आपोआप करून घेतात. चाकांत दगडासारखी हवा भरण्याची हौसहि आवरावी. थोडे रुंद टायर व बेताची हवा यांनीं हादरे पुष्कळ कमी होतात.

शेवटीं कातडीची निगा. सायकलीची खास चड्डी अंगालगत घालावयाची असते. आंत दुसरें वस्त्र घातल्यास त्याच्या शिवणी काचतात. कातडी काचते तेथें मलम लावावें. घरीं पोंचतांच चड्डी बदलावी, स्नान करावें व चड्डी धुऊन उन्हांत वाळवावी. कोंकणांत किंवा मावळांत पावसाळ्यांत ती रात्रभर वाळत नाहीं, आणि तीच ओलसर चड्डी दुसऱ्या दिवशीं घातली कीं गळूं व्हावयास वेळ लागत नाहीं. म्हणून दोन दिवसांच्या सफरींत दुसरा जोड मेणकापडांत गुंडाळून बरोबर न्यावा. गळूं झालेंच तर तें पिळूं नये. बरें होईपर्यंत सायकलीवर बसूं नये, आणि ताप आल्यास किंवा सूज पसरूं लागल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.