तणसातली संत्री, पत्र्यातला ड्रायव्हर

डिसेंबरात पांढुर्ण्याच्या मंडीत संत्र्याचा ट्रक भरताना कधी पाहा. आधी तळाला तणस अंथरतात, बाजूच्या फळ्यांनाही तणसाचा थर देतात, मग आंबिया बहाराची फळं भरतात. वर पुन्हा तणस आणि त्यावर ताडपत्री. हादऱ्याने फळ फुटू नये हा मूळ हेतू, पण काड्यांमध्ये अडकलेली हवा थंडीलाही आडवी येते. सौंसर-पांढुर्ण्याचा हा माल मुलताई, बैतूल, भोपाळ, ग्वाल्हेर करत सुमारे हजार किलोमीटरवरच्या दिल्लीला निघतो. जानेवारीत ग्वाल्हेरच्या पुढे धुकं पडलं की गाडी ढाब्यावर रात्रभर उभी राहते. संत्री तणसात झोपतात. ड्रायव्हर आणि क्लीनर झोपतात ते उघड्या पत्र्याच्या आणि काचेच्या डब्यात.

"रात्री काच आतून गळते न भाऊ, कांबळ ओलं होते," असं एका ड्रायव्हरने मला मंडीच्या फाटकाशी सांगितलं. त्याने केबिनच्या छताला हात लावायला सांगितला. सूर्य मावळून तासच झाला होता, तरी पत्रा हाताला बर्फासारखा लागत होता. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकत असतो. म्हणून तो भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो आणि त्यावर दव धरतं. गाडी झाडाखाली किंवा शेडमध्ये लावली तर केबिन कमी गारठते, हा ड्रायव्हर लोकांचा अनुभव शास्त्राला धरूनच आहे.

मग केबिन गरम ठेवायला गाडीची बॅटरी का चालत नाही? हिशोब मांडून बघू.

केबिनमध्ये साधारण ४ घनमीटर हवा मावते, म्हणजे ५ किलोच्या आसपास. ती १५ अंशांनी तापवायला लागणारी ऊर्जा इतकी थोडी आहे की तेवढ्यात १० वॉटचा एलईडी दिवा जेमतेम दोन तास चालेल. हवा तापवणं स्वस्त आहे. महाग आहे ते तिला तापलेली ठेवणं. एकपदरी पत्रा आणि काच दर चौरस मीटरमागे, दर अंशाच्या फरकामागे सुमारे साडेपाच वॉट उष्णता बाहेर सोडतात. केबिनचा एकूण पृष्ठभाग १५ चौरस मीटर आणि आतबाहेरचा फरक १२ अंश धरा. जवळजवळ हजार वॉट सतत बाहेर जातात. घरातला एक रूम हीटर रात्रभर फक्त रस्त्याला ऊब देत राहील, असं म्हणा ना.

आता बॅटरी. ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट करतात. दोन्ही १०० अँपिअर-तासांच्या असतील तर त्यांत २.४ युनिट वीज असते. ती सगळी आपली नव्हे. सेल्फ मारायची बॅटरी क्षणभर जबर करंट देण्यासाठी बनवलेली असते, तिच्या शिशाच्या पट्ट्या पातळ असतात; खोलवर रिकामी केली की त्या लवकर मरतात. त्यातून थंडीत तिची ताकद घटते. शून्याजवळ ती साधारण पाचवा हिस्सा गमावते आणि नेमकं तेव्हाच इंजिनचं ऑइल घट्ट होऊन सेल्फला जास्त जोर लागतो. म्हणून रात्री पाव हिश्श्यापेक्षा जास्त वीज काढू नये. म्हणजे हातात उरलं अर्धा-पाऊण युनिट. हजार वॉटचा हीटर ते अर्ध्या-पाऊण तासात संपवेल आणि पहाटे गाडीला धक्का मारायला माणसं शोधावी लागतील.

इथे एक चूक सर्रास दिसते. टेप किंवा मोबाइल चार्जर १२ व्होल्टवर चालतो, म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर ओढतात. ती बॅटरी रोज थोडी जास्त उतरते. चार्जिंग मात्र दोघींना एकत्रच होतं, त्यामुळे एक कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते. वर्षभरात जोडी वाया जाते. २४ वरून १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर नव्या बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो. सोबत एक साधा व्होल्टमीटर असावा. गाडी काही वेळ उभी राहिल्यावर २५.४ च्या आसपास आकडा म्हणजे बॅटरी भरलेली, २४.४ म्हणजे अर्धी. तिथवर जायच्या आत थांबावं.

मग त्या अर्ध्या युनिटाचं करायचं काय? हवेला द्यायचं नाही, अंगाला द्यायचं. ५० वॉटचं विजेचं ब्लँकेट सात तासांत साधारण एक तृतीयांश युनिट खातं, आणि थर्मोस्टॅट असेल तर त्याहून कमी. ते हिशोबात बसतं. त्याहून सोपी आपल्या घरातली गरम पाण्याची पिशवी. ७० अंशांचं दोन लिटर पाणी ३५ अंशांपर्यंत निवताना जेवढी उष्णता देतं, ती ४० वॉटचं ब्लँकेट दोन तास चालवल्याएवढी असते. पाणी ढाब्याच्या चुलीवर तापतं, बॅटरीला हातही लावावा लागत नाही.

पण खरी मिळकत तणसाच्या तत्त्वात आहे. केबिनच्या छताला, दरवाज्यांना आणि पाठीमागच्या पत्र्याला अडीच सेंटिमीटर जाडीचा फोम आतून लावला, आणि रात्री काचांवर तसेच कापलेले तुकडे बसवले, तर तीच हजार वॉटची गळती सुमारे दोनशेवर येते. झोपलेलं माणूस स्वतः ७०-८० वॉट उष्णता देतं. दोघांचे झाले दीडशे. उघड्या पत्र्यात या दीडशे वॉटांनी दोन अंशांचाही फरक पडत नाही. फोम लावलेल्या केबिनमध्ये, काच बोटभर उघडी ठेवूनही, पाच-सहा अंशांचा पडतो. ती फट ठेवायलाच हवी. श्वासातली वाफ गार काचेवर पाणी होऊन उतरते, तेच कांबळ भिजवतं, आणि ओल्या कांबळात ऊब राहत नाही.

युरोपातल्या ट्रकांत रात्रीसाठी छोटा डिझेल हीटर असतो. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट उष्णता असते, म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या आठ बॅटऱ्यांत मावेल तेवढी. हा हीटर ताशी पाव लिटरही खात नाही, धूर नळीने बाहेर टाकतो आणि बॅटरीकडून फक्त पंख्यापुरती वीज घेतो. पेटताना मात्र दोन-तीन मिनिटं जोराचा करंट ओढतो, म्हणून बॅटरी सुदृढ हवी. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे, हे चांगलंच झालं. पण इंजिन बंद केल्यावरच्या रात्रीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

हल्ली व्हॅनचं कॅम्पर करून तामिया, पचमढीला किंवा थेट लडाखला जाणारी कुटुंबंही वाढली आहेत. त्यांच्याकडे लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी असते. १९९७ साली टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्यासोबत ए. के. पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी यांनी या रसायनाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. ती हलकी असते आणि तिच्यातली बरीचशी वीज वापरता येते. मात्र शून्याखाली ती चार्ज करू नये. गारठ्यात लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये वेळेत शिरत नाहीत, धातू होऊन वरच साचतात आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. लेहच्या पहाटे इंजिन सुरू करून लगेच चार्जिंग लावू नका. बॅटरी गाडीच्या आत, जिथे तुम्ही झोपता तिथेच बसवा आणि आधी तिला ऊब येऊ द्या.

राहिली शेगडी. ढाब्यावर लाकडं पेटवतात, धूर संपून निखारे लाल झाले की घमेलं उचलून केबिनमध्ये ठेवतात आणि काचा लावून घेतात. धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज जीव घेतो. त्याच निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला खोकलाही येत नाही. उत्तरेकडून दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात आणि त्यांत ट्रकवाले असतात.

मंडीतल्या व्यापाऱ्यांना आणि बागाईतदारांना माझं सांगणं आहे: गाडीत तणस भराल तेव्हा केबिनमध्ये फोमच्या चार शीट, गरम पाण्याच्या दोन पिशव्या आणि एक कोरडं कांबळ जाईल हे बघा. आणि शेगडी केबिनमध्ये चढू देऊ नका.