रमाबाईंना न पटलेलं त्रैक्य
येशू देव, की देवाने निर्माण केलेला श्रेष्ठ जीव? चौथ्या शतकातल्या एरियस या ख्रिस्ती धर्मगुरूचं मत दुसरं. ३२५ साली निकियाच्या परिषदेने ते फेटाळलं. पिता आणि पुत्र एकाच तत्त्वाचे, असं ठरलं.

पण वाद मिटतो कसला! १८८५च्या सुमारास इंग्लंडमध्ये तो पुन्हा उकरून काढला एका मराठी विदुषीने. पंडिता रमाबाईंनी १८८३मध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला खरा, पण त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि ख्रिस्ताचं देवत्व काही गळी उतरेना. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून चांगलीच जुंपली. क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांवरही रमाबाई अडल्या: संस्कृत का नको? (आहे की नाही बाणेदारपणा!)

पुढे ख्रिस्तावर श्रद्धा जडली. मग पुण्याजवळच्या केडगावात बसून याच बाईंनी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं.