कॅन्यन डी शे : नवाहोंच्या घरची दरी

अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातील ‘कॅन्यन डी शे’ ही लाल वालुकाश्माची दरी १९३१ पासून राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षित आहे. जमीन मात्र नवाहो आदिवासींचीच. कड्यांच्या कपारींत प्राचीन पुएब्लो लोकांची दगडी घरे टिकून आहेत. तळाशी, कॉटनवूडच्या सावलीत, नवाहो कुटुंबे आजही शेती करतात, मेंढ्या पाळतात. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने येथील पीचच्या बागा तोडल्या आणि हजारो नवाहोंना शेकडो किलोमीटर पायी हाकलले. १८६८ च्या करारानंतर ते परतले. त्यामुळे येथील निर्बंध जाचक वाटण्याचे कारण नाही. काठावरून दरी कोणालाही पाहता येते. तळात उतरण्यासाठी साधारणतः अधिकृत नवाहो वाटाड्या लागतो आणि रहिवाशांची छायाचित्रे त्यांच्या संमतीनेच घ्यावी लागतात.