गुडूचीचा प्रयोग आणि आपली दक्षता

‘अमृता’ या नावाने गौरविलेल्या गुडूचीविषयी यकृततज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींकडे आपण वैद्यांनी दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल सेवन करणाऱ्या ६ रुग्णांत यकृतविकृती आढळली. त्यांतील एक दगावला. २०२२ मध्ये देशातील विविध केंद्रांतील अशा ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनेकांत ऑटोइम्यून विकाराची लक्षणे होती.

आयुष मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया व टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद स्पष्ट केला. क्रिस्पाच्या कांडावर ठळक गाठी असतात. औषधनिर्मात्यांनी कच्च्या मालाची ओळख प्रमाणित करूनच खरेदी करावी. तथापि तपासलेल्या काही नमुन्यांत खरी गुळवेलच निघाली. म्हणून सारा दोष भेसळीवर लोटता येत नाही.

आमचे व्यवसायबंधूंना सांगणे एवढेच, की गुडूची देण्यापूर्वी यकृतविकार, थायरॉईड व ऑटोइम्यून विकारांचा इतिहास विचारावा, मात्रा व कालमर्यादा लिहून द्यावी. अन्नद्वेष, उत्क्लेश वा कामलेची लक्षणे दिसताच औषध थांबवून बिलिरुबिन व एसजीपीटी तपासावे आणि फार्माकोव्हिजिलन्स केंद्रास कळवावे. अशी नोंद ठेवल्याने शास्त्राला उणेपणा येत नाही. रुग्णाचा विश्वास मात्र टिकतो.