टर्कीच्या खिम्यातलं पाणी

अमेरिकेत संसार थाटलेल्या मराठी घरांत टर्कीचा खिमा बहुधा सोयीपोटी शिरतो. गोमांस खायचं नसतं, बोकडाच्या मटणासाठी हलाल किंवा देशी दुकान गाठावं लागतं, आणि टर्कीचा खिमा मात्र जवळच्या सुपरमार्केटात एक पौंडाच्या, म्हणजे सुमारे 450 ग्रॅमच्या ट्रेमध्ये बारा महिने तयार असतो. तो आणला जातो, कांदा-टोमॅटोवर नेहमीच्या पद्धतीने शिजवला जातो आणि मग तक्रार सुरू होते. चव नाही, चिवट लागतो, वास येतो. त्यावर ठरलेला उपाय म्हणजे पुढच्या वेळी मसाला दुप्पट घालणं. टाकोसाठी हाच खिमा करणारी अमेरिकी घरंही वेगळं काही करत नाहीत. मसाल्याच्या एका पाकिटाऐवजी दीड पाकीट ओततात. माझ्या मते हा उपाय चुकीच्या जागी केला जातो. टर्कीच्या खिम्याचं घोडं पाण्यापाशी अडतं. ते पाणी कढईत किती सुटतं, किती वेळ तिथे राहतं आणि मसाला ते आटण्याआधी पडतो की नंतर, यावर पदार्थाची चव ठरते. मसाला किती, हा त्याच्या पुढचा प्रश्न आहे.

ट्रेवर 85, 93 किंवा 99 टक्के लीन असं छापलेलं असतं. उरलेला भाग चरबीचा. 99 टक्केवाल्यात फक्त छातीचं पांढरं मांस असतं, तर 85 टक्केवाल्यात मांडीचं गडद मांस आणि कातडीही दळलेली असते. 1977 साली अमेरिकी सिनेटच्या मॅकगव्हर्न समितीने चरबी कमी खाण्याचा सल्ला दिला, आणि त्या सुमारास सुरू झालेल्या कमी चरबीच्या लाटेत टर्कीच्या खिम्याला ‘आरोग्याचं मांस’ म्हणून मान मिळाला. पण चरबी काढली की वजन भरून निघतं ते मुख्यतः पाण्याने. कच्च्या लीन मांसात सत्तर टक्क्यांहून अधिक पाणी असतं. अखंड तुकड्यात ते स्नायूंच्या तंतूंमध्ये बऱ्यापैकी धरून ठेवलेलं असतं. दळताना ते तंतू तुटतात आणि पाण्याला वाटा मोकळ्या होतात. आच लागली की पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास मायोसिन हे प्रथिन आकसू लागतं. साठ ते सत्तरच्या दरम्यान संयोजी ऊती आणि इतर प्रथिनंही आवळतात आणि पाणी अक्षरशः पिळून बाहेर येतं. राखाडी दाणे आणि त्यांच्याभोवती उकळणारं गढूळ पाणी हे टर्कीच्या खिम्याचं नेहमीचं दृश्य त्यातून तयार होतं.

हे पाणी समुद्रसपाटीला शंभर अंशांवर उकळतं, आणि ते कढईत आहे तोवर मांसाचा पृष्ठभाग त्याच्या फार वर जाऊ शकत नाही. खरपूस वास आणि तपकिरी रंग ज्या अभिक्रियेतून येतात ती मात्र साधारण 140 अंशांच्या पुढे जोमाने चालते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय माय्यार याने 1912 मध्ये तिचं पहिलं वर्णन केलं, आणि 1953 मध्ये जॉन हॉज या अमेरिकी शास्त्रज्ञाने तिचे टप्पे मांडले. अमिनो आम्लं आणि साखरा एकमेकांत मिसळून त्यातून शेकडो सुगंधी रेणू तयार होतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेलं खोबरं, लालसर परतलेला कांदा या सगळ्यांच्या वासात तिचा वाटा आहे. शंभर आणि एकशेचाळीस यांच्यातलं अंतर कागदावर किरकोळ दिसतं, पण प्रत्यक्षात ते ओलांडण्याची किंमत मोठी असते. थोडा हिशेब करून पाहा. फ्रिजमधला 450 ग्रॅम खिमा चार अंशांवरून 74 अंशांपर्यंत न्यायला अंदाजे 110 किलोज्यूल उष्णता लागते. त्यातून समजा 120 मिलिलिटर पाणी सुटलं, तर ते वाफ करून घालवायला सुमारे 270 किलोज्यूल लागतात. म्हणजे मांस शिजवायला जेवढी उष्णता पुरते, तिच्या जवळजवळ अडीच पट नुसतं पाणी उडवण्यात जाते. खिमा ‘शिजला’ म्हणून आपण शेगडी बंद करतो, तेव्हा चवीचं बहुतेक काम सुरूही झालेलं नसतं.

मग पाणी सुटण्याच्या वेगापेक्षा ते उडण्याचा वेग जास्त कसा ठेवायचा, एवढाच प्रश्न उरतो. इथे भांड्याची रुंदी निर्णायक आहे. 30 सेंटीमीटर व्यासाच्या तळाचं क्षेत्रफळ 20 सेंटीमीटरच्या तळाच्या सव्वादोन पट असतं. त्यामुळे खोल पातेल्यापेक्षा बिडाचा पसरट तवा किंवा जाड बुडाची स्टीलची कढई चांगली. ती आधी रिकामी तापू द्यायची, मग तेल घालायचं, कारण 93 किंवा 99 टक्के लीन खिम्याला स्वतःची चरबी पुरत नाही. नॉनस्टिक भांडं असं रिकामं तापवू नये. त्याचा थर साधारण 260 अंशांच्या पुढे बिघडू लागतो. खिमा टाकताना मोकळा करत बसायचं नाही. कागदाने टिपून, हाताने थापून त्याची एकच जाड चकती तव्यावर ठेवायची आणि चार-पाच मिनिटं हात आवरायचा. सतत ढवळत राहण्याची सवय इथे सगळ्यात जास्त नुकसान करते, कारण प्रत्येक वेळी तव्याला नवा, थंड, ओला पृष्ठभाग भिडतो आणि तापमान पुन्हा खाली येतं. खालची बाजू गडद तपकिरी झाली की मग कालथ्याने तुकडे करायचे आणि उरलेला खिमा शिजू द्यायचा. सगळे दाणे तपकिरी होण्याची गरज नाही. भाजल्याने मांसातला रस आत कोंडला जातो, हा समज जर्मन रसायनज्ञ युस्टुस फॉन लीबिग याच्या 1847 मधल्या लिखाणाने पसरला आणि तो खोटा आहे. हॅरल्ड मॅकगी याने 1984 मध्ये आपल्या पुस्तकात तो सविस्तर खोडून काढला. भाजायचं ते चवीसाठी, आणि ती चव एका बाजूवर तयार झाली तरी पुढे सगळ्या कढईत पसरते.

मसाल्याची वेळ यातूनच ठरते. टाको मसाल्याच्या पाकिटावर साधारण एकच कृती असते : मांस परता, सुटलेलं ओतून टाका, मसाला आणि पाणी घाला, उकळू द्या. ही कृती चरबीदार गोमांसाच्या खिम्यासाठी ठीक आहे, कारण तिथे ओतून द्यायची ती चरबी असते. टर्कीच्या बाबतीत ओतलं जातं ते मुख्यतः पाणी, आणि त्या पाण्यात विरघळलेली प्रथिनं व चवीचे रेणू. ते टाकून देणं म्हणजे मांसाचा सार मोरीत सोडणं. त्याऐवजी ते कढईतच आटवलं, तर तळाला तपकिरी थर धरतो, आणि पुढे कांद्या-टोमॅटोच्या ओलाव्याने तो सुटून पदार्थात उतरतो. पाणी आटून तेलाचा तडतडाट ऐकू येऊ लागला, की ती मसाला घालण्याची वेळ. मिरचीचा तिखटपणा देणारं कॅप्सायसिन, हळदीतलं कुर्क्युमिन आणि जिऱ्या-धण्यांची सुगंधी तेलं पाण्यापेक्षा तेलात कितीतरी सहज विरघळतात. पाण्यात पडलेला मसाला कच्चट लागतो तो यामुळे, आणि मग चमच्यामागून चमचे वाढत जातात. तेलात अर्धा-एक मिनिट परतलेला तेवढाच मसाला पुरतो. आपल्या फोडणीत हे ज्ञान शतकानुशतकं आहेच. टर्की म्हटल्यावर ते विसरायचं काही कारण नाही. एक व्यावहारिक सूचना मात्र हवी. अमेरिकी दुकानात ‘चिली पावडर’ म्हणून मिळते तिच्यात बहुधा जिरं, ओरेगानो आणि लसूणही असतो, त्यामुळे लाल तिखटाच्या मापाने ती घातली तर हिशेब चुकतो.

मिठाचं गणित थोडं वेगळं आहे. कच्च्या खिम्यात आधीच मीठ घालून मळलं तर मायोसिन विरघळून दाणे एकमेकांना धरतात. सीख कबाबाला हीच चिकटण हवी असते; मोकळ्या खिम्यात तिच्यामुळे चिवट गोळे होतात. म्हणून मीठ खिमा तव्यावर पडल्यानंतर. खाण्याच्या सोड्याचा उपयोग याहून कमी माहीत आहे. एक पौंड खिम्याला पाव चमचा सोडा चमचाभर पाण्यात कालवून चोळला आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवला, तर मांसाचा आम्लपणा घटतो, प्रथिनं कमी आवळतात आणि पाणी कमी सुटतं. शिवाय माय्यार अभिक्रिया अल्कधर्मी माध्यमात अधिक वेगाने होते. सोडा याहून जास्त झाला तर साबणासारखी चव येते, तेव्हा हात आखडताच हवा.

आता आक्षेप. पहिला आणि वजनदार आक्षेप असा, की आपल्याकडचा मटणाचा खिमा कुणी असा भाजत नाही, तो मसाल्यात आणि पाण्यात शिजतो आणि तरी उत्तम लागतो. हे खरं आहे, पण त्याची कारणं टर्कीत नाहीत. बोकडाच्या चरबीतल्या विशिष्ट मेदाम्लांना स्वतःचा ठसठशीत वास असतो. टर्कीच्या छातीत तसं काही नाही. शिवाय कोल्हापुरी किंवा मालवणी पद्धतीत कांदा-खोबरं आधी खरपूस भाजून वाटलेलं असतं. मांसाने जे काम केलं नाही ते वाटणाने आधीच करून ठेवलेलं असतं. म्हणून असं वाटण हाताशी असेल, तर टर्की कमी भाजली तरी चालेल हे मी मान्य करेन. पाणी आटवायचं मात्र टळत नाही, नाहीतर तेच वाटण पातळ होऊन बसतं. मेक्सिकोत, जिथे टर्की माणसाळवली गेली, तिथेही पुएब्लाच्या मोले या दाट रश्शासाठी सुक्या मिरच्या आधी चरबीत परततात आणि मगच टर्कीला लावतात. मिरची आणि टर्की ही जोडी त्या भूमीत फार जुनी आहे. दोघीही युरोपीय जहाजांतून जगभर गेल्या. 1612 साली मुकर्रबखान या मोगल सरदाराने गोव्याहून जहांगीरच्या दरबारी आणलेल्या नवलाच्या प्राण्यांत टर्की होती, आणि उस्ताद मन्सूरने काढलेलं तिचं देखणं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आपला मसाला तिला परका असल्याची तक्रार म्हणूनच पटत नाही.

दुसरा आक्षेप : इतकं पाणी उडवल्यावर खिमा कोरडा होणार. सगळा खिमा शेवटपर्यंत भाजत राहिलं तर नक्कीच होईल. एकाच बाजूने भाजण्याचा आग्रह त्यासाठीच आहे. वरचा भाग तोवर जेमतेम गरम झालेला असतो आणि तो नंतर हलक्या आचेवर शिजतो. कोरडेपणा वाटतो त्याचं दुसरं कारण चरबीचा अभाव, आणि त्याला उपाय 99 टक्केवाला ट्रे न घेणं हा आहे. त्यात दोन चमचे तेल घालून शेवटी चरबी भरून काढायचीच असेल, तर 93 टक्केवाला घेतलेला बरा. तिसरा आक्षेप आरोग्याचा. मांस मोठ्या आचेवर भाजताना हेटरोसायक्लिक अमाइन तयार होतात आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांनी कर्करोग झाला आहे. माणसांच्या बाबतीत निश्चित संबंध प्रस्थापित झालेला नाही, असं अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था सांगते. सावधगिरी योग्यच आहे. पण इथे मागितलंय ते चार-पाच मिनिटांचं तपकिरी होणं, काळं पडणं नव्हे. करपलेला खिमा चवीलाही वाईटच.

खिमा धुण्याची सवय हा खरा तिढा आहे. आपल्या घरांत मांस धुतल्याशिवाय चुलीवर चढत नाही, आणि चाळणीत धुतलेला खिमा जास्तीचं पाणी धरून कढईत येतो. वर सांगितलेलं सगळं तिथेच निष्फळ होतं. स्वच्छतेच्या बाजूनेही हे उलटं पडतं. अमेरिकी कृषी खातं कच्चं कोंबडी-टर्कीचं मांस धुऊ नका असंच सांगतं, कारण त्याचे शिंतोडे सिंकभर आणि शेजारच्या कोशिंबिरीपर्यंत उडतात, आणि जंतू मात्र धुतले जात नाहीत. अखंड तुकड्यावर साल्मोनेला पृष्ठभागावर असतो. दळल्यावर तो आतपर्यंत मिसळतो. 2011 मध्ये अमेरिकेत टर्कीच्या खिम्यातून साल्मोनेलाची साथ पसरली, तेव्हा सुमारे 3 कोटी 60 लाख पौंड माल परत मागवावा लागला होता. त्या धोक्यावर पाणी उपयोगाचं नाही, उष्णता आहे. पक्ष्यांच्या खिम्यासाठी 74 अंश ही मर्यादा आहे, गोमांसाच्या खिम्याच्या 71 अंशांहून थोडी वर.

ही मर्यादा गाठली की नाही हे रंगावरून ठरवता येत नाही. टर्कीचं मांस पुरेसं शिजूनही गुलाबी राहू शकतं, आणि कधी कधी पुरेसं न शिजताच फिकट पडतं. शिजवणारे मग घाबरून आणखी दहा मिनिटं उकळत ठेवतात, आणि वाचवलेला ओलावा तिथे जातो. साध्या डिजिटल थर्मामीटरने हे टळतं. शेवटच्या मिनिटात खिमा कढईच्या मध्यभागी ढीग करून त्याच्या आत टोक खुपसायचं, तळाला टेकू द्यायचं नाही, आणि दोन-तीन ठिकाणी पाहायचं. सगळीकडे 74 दिसले, तर एखादा दाणा गुलाबी दिसत असला तरी शेगडी बंद करायला हरकत नाही. लिंबू आणि कोथिंबीर त्यानंतर.