शेपूट जमिनीवर, डोकं अधांतरी

‘स्नेकबर्ड’ दिसायला अगदी बाळबोध. समुद्रातली हिरवीगार बेटं, मधूनच अधांतरी फळं आणि टपोऱ्या डोळ्यांचे लाल, हिरवे, निळे पक्षी. घरातल्या लहानग्यासाठी म्हणून डाउनलोड करावा आणि मध्यरात्री आपणच डोकं धरून बसावं, असा हा गेम आहे. स्वीडनमधल्या नूमेनन गेम्सने तो २०१५ साली काढला. लेव्हल पन्नासाहून थोड्या जास्त, आणि नियम मात्र पहिल्या काही लेव्हलमध्येच जवळपास संपतात.

पक्षी नावाला, त्याला उडता येत नाही. अंग सापाचं, चौकोनी घरांत मोजायचं. डोकं एक घर पुढे जातं आणि मागचं अंग त्याच वाटेने येतं. फळ खाल्लं की अंग एका घराने वाढतं. १९९७ साली नोकिया ६११० वर आलेला आणि पुढे घरोघरी पोचलेला साप ज्यांनी खेळला आहे, त्यांना हे सांगायला नको. पण तो साप आपल्यासाठी थांबत नसे. इथे आपण चाल केल्याशिवाय काहीच हलत नाही, कितीही वेळ विचार करा. दुसरा फरक मोठा आहे. तो साप आपण वरून बघायचो, हा पक्षी बाजूने दिसतो. म्हणजे तो खाली पडू शकतो.

इथेच सगळी गंमत आहे. अंगातलं एक जरी घर कशावर तरी टेकलेलं असेल, तर बाकीचं अंग हवेत कसंही राहतं. तेवढाही टेकू सुटला की अख्खा पक्षी खाली येतो, आणि पडताना त्याचा आकार बदलत नाही. वाकवलेल्या तारेसारखा, होता तसाच. खाली जमीन असेल तर बरं. काटे किंवा पाणी असेल तर ती चाल परत घ्यायची.

आता तीन घरांचा पक्षी घ्या. समोर दोन घरं उंच कडा आहे. कड्याला भिडून डोकं दोनदा वर न्या: शेपूट जमिनीवर, डोकं तिसऱ्या घरात, बरोबर कड्याच्या माथ्याच्या पातळीला. आता डोकं बाजूला वळवलं की ते माथ्यावर टेकतं. शेपूट सुटते, पण टेकू आता डोक्याकडे आहे. कडा तीन घरं उंच असता तर तिसऱ्यांदा वर सरकताच शेपूट सुटली असती आणि पक्षी पुन्हा खाली आला असता. दरीचंही गणित हेच: तीन घरांचा पक्षी दोन घरांची दरी ओलांडतो, चार घरांचा तीन घरांची.

मग दिसेल ते फळ खात सुटावं का? खाताना डोकं पुढे जातं, पण शेपूट जागची हलत नाही. दरीवर लटकलेलं फळ म्हणूनच वरदान ठरतं. एक घर पुढे गेलात तरी मागचा टेकू सुटला नाही. पण हेच अंगाशीही येतं. एक घर उंच बोगद्याच्या टोकाला दोन बाय दोन घरांची खोली आहे असं समजा. तीन घरांचा पक्षी त्या चार घरांत गोल फिरून आल्या वाटेने बाहेर पडू शकतो. बोगद्याच्या तोंडावरच्या वरच्या कोपऱ्यात फळ असलं, आणि खोलीला वळसा घालत येऊन ते खाल्लं, तर तो चार घरांचा होतो, खोली पूर्ण भरते, आणि बाहेरच्या वाटेवर त्याचीच शेपूट आडवी येते. स्वतःच्या अंगावरून जाता येत नाही. फळ टाळूनही चालत नाही, कारण सगळी फळं संपल्याशिवाय बाहेरचं गोल दार उघडत नाही. प्रश्न फक्त क्रमाचा उरतो: कुठलं आधी, आणि कुठून तोंड घालून.

दोन-तीन पक्षी असले की एक दुसऱ्याची पायरी होतो, कधी पूल होतो, कधी ढकलून दुसऱ्याला हवं तिथे नेतो. पण दोघं फक्त एकमेकांवरच टेकले असतील तर दोघंही पडतात. दारात डोकं पोचलं की तो पक्षी गेला, त्याच्याबरोबर त्याचा टेकूही गेला. म्हणून अशी लेव्हल मी उलटी सोडवते: कुणाच्याही खांद्याशिवाय सर्वांत शेवटी दारापर्यंत कोण पोचू शकेल, हे आधी ठरवायचं. पुढे ढकलता येणारे ठोकळे आणि एका जागेवरून दुसरीकडे नेणारी दारंही येतात. माझ्या मते ती नसती तरी गेम तेवढाच अवघड झाला असता.

चाल मागे घेण्याला मर्यादा नाही, अगदी सुरुवातीपर्यंत जाता येतं. एवढी मोकळीक देऊनही तो किती छळतो, हे खेळल्याशिवाय पटत नाही. ज्यांना छळ नको, त्यांच्यासाठी याच मंडळींनी २०१९ साली ‘स्नेकबर्ड प्राइमर’ काढला: पक्षी तेच, नियम तेच, कोडी बरीच सोपी. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.